हिले अजून रडता येत नाही

मोठी याडी, तू गेलीस तेव्हा मी यवतमाळ-कळंब गाडीत तिकिटं फाडत होते. फाडत होते म्हणायची आपली सवय, आता मशीन आहे. चतुर्थी होती, चिंतामणीच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी गाडी खच्चून भरलेली. तुझ्या मुलाचा, उत्तमभियाचा फोन आला, "याडी गेली" एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. ड्रायव्हरनं आरशातून माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, फाट्यावर उतरता का. कंडक्टर उतरल्यावर गाडी कोण नेणार? आपल्या तांड्याचा फाटा आला. तुझ्या दारापुढे जमलेली माणसं रस्त्यावरून दिसत होती. चार उतारू उतरले, मी दोनदा घंटी दिली आणि गाडी पुढे गेली.

ती घंटी माझ्या हातानं कशी दिली गेली, मला कळत नाही. पुढच्या थांब्यावर एका बाईशी मी सुट्ट्या पैशांवरून वाददेखील घातला. कळंबला हिशेब दिला, बदली माणूस मिळाला, आणि दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसून मी तुझ्याकडे आले.

घरात बायका सुरात रडत होत्या. आपल्यात रडणं नुसतं रडणं नसतं, त्याला चाल असते, शब्द असतात, एकीनं उचललं की दुसरी पुढे नेते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू माझ्या मोठ्या काकांची बायको, पण काकू म्हणायची पद्धत आपल्यात नाही. आई ती याडी आणि तू मोठी याडी. सख्ख्या आईइतकीच माझी. तेव्हा आता सुनीता उचलेल, अशी त्यांची समजूत. मी तुझ्या पायाशी बसले आणि माझ्या तोंडून काही म्हणजे काही निघेना. मागून कोणीतरी हळूच बोललं, "हिले कुठं येते? जमनाबाईच म्हणे ना, हिले अजून रडता येत नाही म्हणून."

तुझ्या मयतीत तुझाच शेरा माझ्या डोक्यावर. तुला हसू आलं असतं.

जे तांड्यातले नाहीत त्यांना सांगायला हवं की तू काय करायचीस. आपल्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला ढावलो यावा लागतो. सासरी निघताना आईच्या, बापाच्या, भावांच्या गळ्यात पडून तिनं सुरात रडायचं, आणि ते असंतसं नाही, ऐकणाऱ्याचा घसा दाटला पाहिजे. ते शिकावं लागतं. आपल्या तांड्यात ते शिकवायचीस तू. एखादी पोरगी दुपारची तुझ्या घराकडे जाताना दिसली की सगळ्यांना कळायचं, हिचं ठरलं. तुझ्या हाताखालून गेलेली एक पोर तर अशी रडली म्हणे, की नवरदेवाचा मामाच तिच्या बापाला म्हणाला, राहू द्या अजून वर्षभर तुमच्याकडे. हा किस्सा तू फार रंगवून सांगायचीस, आणि दर वेळी मामाच्या डोळ्यांतलं पाणी वाढत जायचं.

दहावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात माझ्या बापानं, बापूनं, माझं लग्न दिग्रसकडे ठरवलं. मुलाकडचे ऊसतोडीला जाणारे. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, एकटा गडी मुकादमाला नको असतो, म्हणून त्यांना दिवाळीच्या आत सून हवी होती. माझं वय कोणी विचारलं नाही. मला पुढे शिकायचं होतं, आणि ते मी बापूला एकदाच म्हटलं. त्यानंतर दोन दिवस घरात कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला तुझ्याकडे पाठवलं.

शेळ्यांच्या गोठ्यापाशी लाकडाचा एक खांब होता. बापाच्या गळ्यात पडायचा सराव करायला रोज बाप कुठून आणायचा, म्हणून मुलींना तू तो खांब द्यायचीस. मी खांबाच्या गळ्यात पडले की मला हसू फुटायचं. तू चिडायचीस, पुन्हा चाल लावून दाखवायचीस. मी मनापासून म्हणायचे, सूर भलतीकडेच जायचा. मग तू हात झटकून म्हणायचीस, आज इतकंच. घरी गेले तर सगळे विचारणार, एवढ्या लवकर कशी आलीस, म्हणून मी तिथेच बसायचे. बरोबर पुस्तक असायचं. बापूनं नाही म्हटलं तरी मी कॉलेजात नाव घातलं होतं, आणि त्याला वाटत होतं, दिवाळीपर्यंत जाईल कुठे. मी पुस्तक उघडलं की तू शेळ्या सोडायला निघून जायचीस. अभ्यास कर, असं तू मला आयुष्यात एकदाही म्हटलं नाहीस, हे मी शपथेवर सांगेन.

दिवाळीच्या तोंडावर बापू तुझ्या दारात आला. तू त्याची मोठी भोजाई, वहिनी, तुझ्यापुढे त्याचा आवाज चढत नसे. झालं का पोरीचं, असं त्यानं विचारलं. मी आत धान्याच्या कोठीमागे उभी होते.

"हिले अजून रडता येत नाही," तू म्हणालीस. "अशी पाठवली तं तिकडचे म्हणतीन, जमनाच्या तांड्याची पोट्टी मुकीच निंघाली. माहं नाव खराब होते. पुढच्या सालावर ने."

बापू चरफडला, पण गेला. पुढच्या साली पुन्हा आला, आणि तू पुन्हा तेच म्हणालीस. त्या दोन वर्षांत तांड्यात माझी जी शोभा झाली ती मी विसरलेले नाही. विहिरीवर बायका मला विचारायच्या, काय व, पाझर फुटला का? माझी याडी मला कुशीत घेऊन विचारायची की तुझ्या मनात आहे तरी काय. मी एकटीत ढसाढसा रडायचे, आणि तेही बेसूर. दिग्रसवाले थांबून थांबून कंटाळले, त्यांनी मुलाला दुसरी मुलगी केली. तोवर माझी बारावी झाली होती. एसटीत कंडक्टरची भरती निघाली तेव्हा माझ्या हातात दाखवायला काहीतरी होतं.

तू हे मुद्दाम केलंस का?

हे मी तुला किती वेळा विचारलं असेल! खाकी घालून पहिल्यांदा तांड्यात आले तेव्हा विचारलं. माझ्या लग्नात विचारलं. बाळंतपणात तू शेकायला बसली होतीस तेव्हाही विचारलं. तुझं उत्तर ठरलेलं. "मुद्दाम कायले? तुले खरंच येत नव्हतं. तुह्यासारखी ठोंबी पोट्टी मी पाह्यली नाही." आणि तोंड फिरवून पान लावायला घ्यायचीस. त्यात कौतुक होतं की खरी नाराजी, मला कधी उलगडलं नाही. मी आभार मानायला आले की तू मला ठोंबी ठरवून परत पाठवायचीस, आणि आभार तसेच राहिले.

आपण घरात आपली बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, पण भांडायचो वऱ्हाडीत. भांडणाला वऱ्हाडीच बरी, असं तुझं मत. आणि आपलं मोठं भांडण पुन्हा त्या ढावल्यावरूनच. माझं लग्न यवतमाळात हॉलमध्ये झालं. मी आधीच सांगितलं होतं की मी कोणाच्या गळ्यात पडून रडणार नाही. मी माझ्या मर्जीनं चालले आहे, नोकरी करते, मला कोणी हाकलत नाही. डीजे लागला होता. तू एका खुर्चीवर पाठ ताठ करून बसलीस आणि जेवली नाहीस. त्यानंतर जी सुरुवात झाली ती चालूच राहिली. माझ्या गाडीत चढलीस की पुढच्या सीटवर बसून तू विषय काढायचीस, मी मागे तिकिटं देत जायचे आणि गर्दीवरून उत्तरं द्यायचे. उतारूंची करमणूक व्हायची. एकदा एका मास्तरांनी आपलं ऐकत ऐकत त्यांचा स्टॉप चुकवला.

मी म्हणायचे, मुलींना रडायला कसलं शिकवता, बोलायला शिकवा. बापाला समोर उभं राहून सांगता आलं पाहिजे, की मला नाही जायचं. तू म्हणायचीस, सांगतलं होतं ना तू, मग काय झालं? मी पुढच्या उतारूकडे वळायचे. मग तू तुझा मुद्दा मांडायचीस, आणि तो मांडताना तुझा आवाज खाली यायचा. ढावल्यात पोरगी बापाला तोंडावर बोलते. मला एवढ्या दूर का दिलंस, मला न विचारता का दिलंस, भावाला वावर आणि मला नुसती वाट, हे सगळं ती भर तांड्यासमोर बोलते आणि बापाला मान खाली घालून ऐकावं लागतं. रडणाऱ्या पोरीला चूप म्हणायची रीत नाही.

"बोलली तं मार खाते, रडली तं ऐकून घेतात," तू म्हणाली होतीस. "एकच जागा होती बाईले तोंड उघडाची. तीबी तुम्ही शिकल्यासवरल्यांनी बंद केली."

मी म्हटलं, ऐकून घेतात आणि बैलगाडीत बसवून पाठवतातच ना. त्याचा काय उपयोग? यावर तू खिडकीबाहेर पाहिलंस. कपाशी फुटली होती, बायका वेचणीला वाकल्या होत्या. मग तू मला तुझ्या लग्नाचं सांगितलंस, जे तोवर कधी सांगितलं नव्हतं. तू इतकी लहान होतीस की तुला ढावल्याचे शब्द पाठ होते, त्यांचा अर्थ माहीत नव्हता. तू तो इतका सुरेख म्हटलास की म्हातारी माणसं वा वा करू लागली, आणि तुला आनंद झाला, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा. शाळा तर तू पाहिली नव्हतीस. "रडायचं कायले होतं ते मले सासरी जाऊन समजलं," म्हणालीस. "मंग तिथं रडाले कोणाचा गळाबी नव्हता."

तांडा फाटा आला आणि तू उतरलीस. गाडी सुटेपर्यंत मी दारातच उभी होते. मला खाली उतरून तुझ्या गळ्यात पडायचं होतं, पण ड्यूटीवर होते, आणि तसं पडायचं कसं ते मला येत नव्हतं. त्यानंतर आपण पुष्कळ भांडलो, पण हा विषय तू पुन्हा काढला नाहीस आणि मी विचारला नाही. विचारायला हवं होतं.

आता जे झालं ते ऐक.

निकितासाठी तू घरात कसा पहारा द्यायचीस, हे तुला सांगायला नको. उत्तमभियाची एकुलती पोरगी, तुझी नात, यवतमाळला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिच्या लग्नाचं कोणी काढलं की तू भांडी आपटायचीस, आणि भियानं एकदा एका पाहुण्याला चहा पाजला तर तू दोन दिवस जेवली नव्हतीस. भिया वाईट माणूस नाही. पण चार माणसं एकदम बोलू लागली की त्याचं स्वतःचं मत त्याला सापडत नाही.

तुझ्या राखेचं अजून व्हायचं होतं, तोच तांड्याच्या नायकानं निकिताच्या लग्नाचा विषय काढला. घरात मयत झाली की मुलीचं कार्य वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं हळद लावता येत नाही. ही रीत आपली मुळातली की गावाकडून शिकलेली, देव जाणे, पण आज तांड्यात ती सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या माहितीत एक मुलगाही होता, घाटंजीकडचा, ट्रॅक्टरवाला. पोरगी अठरा पूर्ण झालेली, तेव्हा कायदाही आड येत नव्हता. तीन वर्षं थांबलो तर एकवीसची होईल, मग कोण विचारेल, असा सगळ्यांचा हिशेब. जिनं एवढी वर्षं ते लग्न अडवून धरलं, तिचंच मरण त्याला निमित्त झालं. निकिताचं हॉस्टेल सोडायचं, हेही बसल्या बसल्या ठरलं. भिया मान खाली घालून हो हो करत होता.

मी उठले आणि बोलले. चांगलं बोलले, मोठी याडी. रोज शंभर माणसांना तोंड देते मी, मला बोलायला कसली भीती? शिक्षण, नोकरी, मोठ्या याडीची इच्छा, सगळं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग नायक म्हणाला, तू आमचीच पोरगी आहेस, पण दिलेली पोरगी आहेस; पाव्हणी आलीस, पाव्हण्यासारखी बस, जेव. कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बापू माझ्या शेजारी बसला होता, त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. त्याच्या हातात जोर राहिलेला नाही, पण मी बसले.

निकिता तेव्हा चुलीपाशी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनंही काही म्हटलं नव्हतं. सारखी मोबाइलमध्ये डोकं घालणारी पोर, मला वाटायचं हिला आपलं काही येत नसेल. सुट्टीत ती तुझ्याजवळ झोपायची एवढंच मला माहीत. तू तिला काय काय दिलंस, ते मला तेरवीच्या दिवशी कळलं.

पंगती उठल्या होत्या, माणसं निघायच्या बेतात होती. ती आली, डोक्यावर ओढणी घेतली आणि सरळ बापाच्या गळ्यात पडली. मला आधी वाटलं, साधंच रडते आहे. मग चाल लागली. तुझीच चाल, पण शब्द कोणी शिकवलेले नव्हते. तिनं तुला हाक मारली. दादी, तुझी गोधडी अजून उन्हात आहे आणि माझ्या हळदीची बोलणी निघाली. सकाळच्या गाडीला सोडायला येणारा माझा बाप आज माझ्याकडे बघत नाही. दादी, तुझ्या मरणाचा हे लोक मुहूर्त करताहेत. असं खूप. मी तुटक लिहिते आहे, तिचं सलग होतं. बायकांनी सूर उचलून धरला. ज्या बायका त्या दिवशी नायकाच्या बोलण्यावर माना हलवत होत्या, त्याच.

तिला चूप म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. नायकानं टोपी काढून मांडीवर ठेवली. भिया आधी ताठ उभा होता, नंतर खांद्यातून खचला आणि पोरीच्या डोक्यावर तोंड टेकवून लहान मुलासारखा रडू लागला. तू गेल्यापासून तो रडलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पोरगी थांबल्यावर तो नायकाकडे वळला. "वर्षाच्या आत नाही होत," म्हणाला. "माही माय गेली. मी तीन वर्षं ह्या घरात हळद आणत नाही."

नायक म्हणाला, विचार कर, पोरगी एकवीसची होईन.

"होऊ द्या."

एवढंच. कोणाला वादच घालता आला नाही, कारण रीत त्यांचीच होती, भियानं फक्त तिचं दुसरं टोक धरलं. मुलाकडे निरोप गेला. निकिता परवा माझ्याच गाडीनं हॉस्टेलला परतली. तिकीट काढताना आपल्या या आत्याला म्हणाली, फुई, मला परीक्षेचं फार टेन्शन आहे. मी म्हटलं, अभ्यास कर मग. मी आपली सरळ म्हणते, मला तुझ्यासारखं आडून वागता येत नाही.

आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. माझं म्हणणं अजून तेच आहे. मी नीट उभी राहून बोलले तेव्हा मला जेव म्हणाले, आणि ती गळ्यात पडून रडली तेव्हा ऐकलं, यात आनंद मानावा असं मला काही वाटत नाही. बोललेलं ऐकलं पाहिजे. तू यावर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे, पण ते तुझ्या तोंडून ऐकण्यात जी मजा होती ती गेली. तुझी ती पुढची सीट रिकामी दिसली की मी मागूनच तिकिटं द्यायला सुरुवात करते.

तांड्यात आता सगळे म्हणतात, म्हातारीनं जाता जाता नातीला तीन वर्षं दिली. नायकसुद्धा म्हणतो. कौतुकानं म्हणतात आणि मीही मान हलवते, हात जोडते. पण मोठी याडी, तू असतीस तर त्या पोरीला कोणाच्या मरणातून वर्षं काढून घ्यावी लागली नसती. मला कोणी विचारलं असतं तर मी तीन वर्षं मागितलीच नसती. मी तुला मागितलं असतं, आणि पोरीचं तू बघितलं असतंस.